आधण फसलं ते साल

गुऱ्हाळ पेटलं का, हे आमच्याकडं कुणाला इचारावं लागत न्हाय, वाराच सांगतो. आज सकाळी धुणं वाळत घालत हुते तर कालव्याच्या अंगानं वास आला, उकळत्या रसाचा, गोड आन् जरासा करपट, आन् माझ्या पोटात एकदम ढवळलं. आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, दारातच हुत्या. म्या म्हणलं, सातवा लागलाय म्हणून असंल. त्या म्हणाल्या, "सातव्यात कुणाला ढवळतं गं? तुझं आपलं जगायेगळं." त्यांच्याबी नाकात त्योच वास गेला हुता. पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या, त्या लई येळ बाहेर आल्या न्हाईत.

लोकांना ह्या दिसांची गोडी. थंडी, दवानं भिजलेला उसाचा पाला, चरकाची कुरकुर, त्याच त्याच वाटंनं गोल फिरणारं बैल. पोरं खोबऱ्याची वाटी दोऱ्याला बांधून काहिलीत, रसाच्या मोठ्या कढईत, सोडत्यात आन् गूळ शिजवणारा गुळव्या त्यांच्यावर खोटंखोटं वरडतो. मलाबी गोडी हुती. मी इंदापूरकडची, कोरड्या रानातली, आमच्याकडं ज्वारी न्हायतर बाजरी. लगीन होऊन ह्या कालव्याच्या मुलखात आले तवा पहिल्या सालाला मी काकवी वाटीनं प्यायले हुते, आन् आक्का हसून हसून खाली बसली हुती. "अगं, ढाळ लागतील!" म्हणली.

आक्का म्हंजे माझी थोरली जाऊ. माझं लगीन झालं तवा ती रांडाव होऊन दोन वरसं झाली हुती. माझ्याहून पाच-सहा वरसांनीच मोठी. आमच्या घरात बाईचं दुसऱ्यांदा लगीन लावत न्हाईत, कुळाचा मान म्हणत्यात. मानाचं काय ते मला ठाऊक न्हाय, पर कपाळ मोकळं घिऊन ती दिवसभर राबायची आन् आठवड्यातनं तीन उपास करायची. माझ्या पहिल्या बाळंतपणात तिनंच माझं डोस्कं मांडीवर घेतलं हुतं. दीड दिस मी अडले. पोराचं पाय आधी आलं. गावाच्या कडंला ऱ्हाणाऱ्या गोदा सुईणीनं त्याला सोडवलं, न्हायतर आज हे लिहायला मी न्हवते आन् पोरगाबी न्हवता. गोदा म्हणली हुती, "पायाळू हाय, कुणाची पाठ धरली तर ह्याची लाथ लावा, सुटंल." खरंच लोक यायचे. गुरासारखी माणसं दारात पालथी पडायची आन् आक्का त्या पाच महिन्याच्या पोराचं पाय त्यांच्या पाठीला लावायची. गुळव्या तात्याबी आला हुता. "लाथ जोरात मार रं बाबा," म्हणला, "आधणं उतरून उतरून कंबर गेली माझी."

त्याच तात्याचं आधण फसलं.

मिठाच्या कायद्याची गडबड झाली त्याच्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या सालची गोष्ट. तीन सुग्या झाल्या आता. आक्का आन् मी भाकऱ्या घिऊन गुऱ्हाळावर गेलो हुतो. एका काहिलीत एका बारीला शिजतो त्या रसाला आधण म्हणत्यात. त्या दिशी रस रटरटला, लाल झाला, तात्यानं पाण्यात थेंब टाकून गोळी बघितली, उतरवलं, आन् गूळ बसंचना. चिखलावानी पसरला. लगेच दुसरं, त्येबी तसंच. आता ऊस कवळा असंल, चुना जास्ती झाला असंल, हजार कारणं. पर गुऱ्हाळावर कारण एकच असतं. तात्यानं कंबरंवर हात ठिवला आन् आमच्याकडं बघून म्हणला, "कुणाची सावली पडली काहिलीवर? बाहेरची बाई आलीया हितं."

बाहेरची म्हंजे महिन्याची. तसली बाई गुऱ्हाळात आली तर गूळ नासतो असं समदी मानत्यात. आमच्या घरात बाया तीन. आत्याबाईंचं वय झालेलं. माझं पोरगं अंगावर पीत हुतं, मला अजून पाळी आली न्हवती. ऱ्हायली एक आक्का. समद्या माणसांनी तिच्याकडं बघितलं. ती खाली मान घालून उभी, टोपली कवटाळून. आत्याबाई आमच्या आधीच तितं आल्या हुत्या, त्यांनी तिच्या दंडाला धरलं. "शिवता-शिवत न्हाय कळत तुला? अवदसे, एवढ्या उसाची माती केलीस."

मला राहवलं न्हाय. खोटा आळ आला तिच्यावर. मी पुढं झाले आन् मोठ्यानं, समद्यांच्या देखत म्हणले, "तिला कशाला बोलता? ती तीन महिनं झालं बाहेर बसलीच न्हाय!"

मला वाटलं, वाचवली. देवाशपथ तसंच वाटलं. मी खरंच समजत हुते का उपासानं तिचं आटलंय. आटतं की बायांचं. मी एका लेकराची आई, आन् माझ्या डोक्यात दुसरं काय आलंच न्हाय. बोलून झालं तवा बघितलं तर आत्याबाईंचा हात आक्काच्या दंडावरनं खाली पडला हुता आन् आक्का माझ्याकडं बघत हुती. तिच्या डोळ्यांत राग न्हवता. राग असता तर बरं झालं असतं. वासरू दावं तोडून विहिरीकडं पळालं तर आपण त्याच्याकडं कसं बघू, तशी ती माझ्याकडं बघत हुती.

रस तसाच शिजत हुता. तात्या एकदम म्हणला, "चुना जास्ती झाला असंल. व्हय, चुनाच." कुणी ऐकलं न्हाय.

कुणाचं, ते तिनं सांगितलं न्हाय. खरं म्हंजे तिला त्ये कुणी इचारलंबी न्हाय. आत्याबाईंनी धान्याच्या बळदाच्या खोलीत नेऊन पोट चाचपलं आन् बाहेर येऊन आमच्या मालकांना, म्हंजे माझ्या नवऱ्याला, एवढंच म्हणल्या, "हाय." मालकांनी ठरवलं का बाजारच्या दिशी गाडी जुपायची आन् तिला लांब धाडायची. लांब एक घर हाय म्हणं, तितं असल्या बायांना ठिवून घेत्यात, बाळंत करत्यात, लेकरू तितंच ऱ्हातं आन् बाई परत येती न्हायतर न येती. आक्का म्हणली, "मला नगा धाडू." मालक म्हणले, "मग काय हितं बारसं घालायचं?" ती उठून भांडी घासाया गेली. मला वाटलं, मानलं तिनं.

दुसऱ्या दिशी सकाळी ती गोठ्यात वाकून बसली हुती. म्या हात लावला तर अंग तव्यावानी. तिनं कुणाकडनं तरी आणून काहीबाही उकळून पेलं हुतं, पहाटंच, एकटीनंच. लुगडं भिजलं हुतं. म्हणली, "कुणाला सांगू नगंस." मी म्हणलं, न्हाय सांगत. दुपारपातूर मी खरंच न्हाय सांगितलं. मंग तिचं ओठ पांढरं पडलं आन् मी पोराला कडंवर घिऊन गोदाकडं पळाले, कालव्याच्या काठानं, भर उन्हात, धाप लागंस्तवर.

गोदा ज्वारी निवडत बसली हुती. म्या सांगितलं. ती सूप खाली ठिवून म्हणली, "कवापासनं चालू हाय?"

"सकाळपासनं."

"आन् आत्ता येतीस? पोरी, मी आता तिला हात लावला तर समदं माझ्या अंगावर येणार, कळतंय का तुला?"

मला कळत न्हवतं. मी नुसती रडत हुते. ती माझ्या पोराच्या पायांकडं बघत ऱ्हायली जरा येळ, मंग उठली, हात धुतलं, गाठोडं घेतलं आन् माझ्या म्होरं चालाय लागली. दिवेलागणीपातूर ती आक्काच्या उशाशी झुंजली. गरम पाणी, फडकी, अंगारा, तिच्याजवळ हुतं नव्हतं ते समदं केलं. दिवा लावला तवा आक्का गेली.

पोलीस पाटील आपणहून आला. असलं मरण कळवलं न्हाय तर त्याची पाटीलकी जाती. आत्याबाईंनी त्याला दारातच सांगितलं, "गोदा आलती. काय केलं, आमाला ठाऊक न्हाय." मी आत पोराला पाजत हुते. ऐकलं. वाटलं, आता जाऊन सांगावं. पोरगं सुटत न्हवतं. मी त्याचं निमित्त केलं.

बारामतीच्या कोर्टात मी पहिल्यांदाच गेले. भिंतीवर राजाचं चित्र, खाली लांबच लांब मेज. समदे शुद्ध बोलणारे. तितं मला कळलं का पोट पाडणं हा गुन्हा हाय, पाडणाऱ्याचाबी आन् जिचं पोट तिचाबी. म्हंजे आक्का जगली असती तर तिला त्याच पिंजऱ्यात उभी केली असती. बाहेर एक शिपाई दुसऱ्याला म्हणलाबी, "मेली म्हणून सुटली." तिसरं कुणी त्या कायद्यात असतं का, एखादा बाप्या, त्ये मी कान देऊन ऐकत हुते. त्याचं नावच निघालं न्हाय दिवसभर.

आदल्या दिशी मालकांनी मला बजावलं हुतं, "सुईणीला तू बोलावलंस म्हणलीस तर तुलाबी घेतील आत." आन् आत्याबाईंनी पोराच्या तोंडावरनं हात फिरवला हुता. "तू आत गेलीस तर ह्याला कोण पाजंल? त्यो वरचं दूध घेत न्हाय, तुला ठाऊक हाय."

गोदाचा वकील पोरसवदा हुता, घामानं भिजलेला. त्यानं मला हळू इचारलं, भणीला इचारावं तसं. "बाई, गोदाबाई येण्याआधी तुमची जाऊ आजारी होती का? रक्त जात होतं का? तिला बोलावलं कोणी? नीट आठवून सांगा. बाईचा जीव वाचवायला हात लावला असेल तर कायद्यात तो गुन्हा नाही. सगळं तुमच्या सांगण्यावर आहे."

एवढं सोपं करून सांगितलं त्यानं. दाराशी मालक पोराला घिऊन उभं हुतं आन् पोरगं माझ्याकडं बघून हात टाकत हुतं, माझ्या अंगावर दूध आलं, चोळी भिजली, आन् मी म्हणलं, "मला ठाऊक न्हाय."

वकिलानं परत इचारलं. मी परत तेच म्हणलं. गोदा पिंजऱ्यात उभी हुती. तिनं माझं नाव घेतलं न्हाय. आत्ताबी माझी मान वर होत न्हाय त्ये एवढ्यासाठी. तिला सांगता आलं असतं, ह्या पोरीनं बोलावलं म्हणून. तिनं कोर्टाला सांगितलं का आक्काच्या घरनं बोलावणं आलं हुतं. कोण आलतं म्हणून इचारलं तर गप बसली.

मंग कारकुनानं कागद म्होरं केला. साक्षीला आलेल्या बायांचं अंगठं घेतलं. मी मराठी तिसरी शिकलेली, चौथीत लगीन झालं, मला लिहाय येतं. म्या वाचलं. "मला माहीत नाही," सुरेख अक्षरात. खाली म्या सही केली. कारकून म्हणला, "अरे वा." आन् मला, खोटं कशाला सांगू, मला त्या येळी जरा बरं वाटलं. गोदाला दोन वरसांची सजा झाली.

त्याच्यामागं गुऱ्हाळं पेटली आन् इझली. आमच्या तात्याचं आधण पुन्हा फसलं न्हाय. मी गूळ खाते, न खाऊन सांगू कुणाला. पोरगं साडेतीन वरसांचं झालं. त्याची लाथ लावाया आता कुणी येत न्हाय. आमच्या दारात माणसं कमीच येत्यात.

दिवाळीच्या सुमाराला गोदा सुटून आली. मी दोन महिनं तिच्या वाटंनं गेले न्हाय. परवा गेले. सातव्यातल्या पोटाला उभ्यानं धाप लागती, चालल्यावर तर इचारूच नगा. पोरगं बोटाला. ती दारात बसली हुती, केस समदं पांढरं झालेलं.

"कोण गं, येवढ्या धापा टाकीत? डोंगर चढून आलीस व्हय?" मंग तिनं वळखलं. माझ्याशी न बोलता पोराशी बोलली. "पायाळ्या, चालतोस का रं नीट? बघू. दौड काढ." पोरगं पळालं अंगणात. ती हसली.

मी म्हणलं, "मावशी, मी कोर्टात खोटं बोलले."

"ठाऊक हाय. मी तितंच हुते की."

"मला कळलं न्हवतं गं..."

"वकील एवढं फोडून सांगत हुता. तू तर शिकलेली."

मला बसाया जागा न्हवती आन् तिनं बस म्हणलं न्हाय. मी इचारलं, "राग हाय?"

"मंग? न्हाय कसा? तू आलीस, रडलीस, आन् गोदाचा राग गेला, असं वाटलं तुला? राग म्हंजे काय चुलीचा धूर हाय, दार उघडलं का गेला!" मंग तिची नजर माझ्या पोटावर आली. तिचा हात म्होरं झाला, सवयीनं, आन् मधीच थांबला, आन् तिनं त्यो मागं घिऊन मांडीखाली दाबला. लांबनंच म्हणली, "आडवं दिसतंय."

मी म्हणलं, "तू येशील का?"

"मी आता कुणाला हात लावत न्हाय. वरच्या आळीची सुंदरा दोन दिस अडली हुती गेल्या महिन्यात. तिचं वरडणं मला हितं ऐकाया येत हुतं. कुणी बोलावलं न्हाय. मी गेले न्हाय."

"वाचली न्हवं?"

"ती वाचली," गोदा म्हणली.

पोरगं येऊन तिच्या मांडीवर बसलं. त्याला काय ठाऊक. तिनं त्याचं तळपाय हातात धरलं, चोळलं, थंड पडलेत म्हणली. मंग माझ्याकडं न बघता म्हणली, "तुझ्या घरनं बोलावणं येऊ दे. सासूच्या तोंडून, दिवसाढवळ्या, चार माणसांत. आन् तवाबी आमीच बोलावलं हुतं हे सांगून. मंग बघीन. माझ्यासाठी न्हाय म्हणत मी. माझी भोगून झाली. पर गावातल्या बाया आता मरायला टेकल्या तरी कुणाला हाक मारत न्हाईत. तू त्यांच्या तोंडाला कुलूप घातलंस, बाई."

घरी येताना मी मनात घोकत हुते. कसं सांगू, कुणाला आधी सांगू. सांगितलं आन् पोलीस पाटलानं ऐकलं तर? शपथंवर खोटं बोलणं ह्योबी गुन्हाच असंल. पोटात हे, कडंला त्यो. भ्या वाटतंय हे लिहितानाबी. पर पोटातलं आडवं हाय, आन् दीड दिस अडणं काय असतं ते मला ठाऊक हाय, आन् आता उशाशी आक्काची मांडी न्हाय.

आज वास आला आन् मला घरात थांबवंना. धुणं वाळत घातलं हुतं तरी दोन धडुती घिऊन कालव्यावर गेले. आळीच्या चार-पाच बाया हुत्या. धोंडाकाकू, आळीतली समद्यात म्हातारी, म्हणली, "अगं, ह्या अंगानं पाण्यात वाकतीस? ठिव तितं. कुणाला बोलावणार हायस ह्या येळी?"

मी म्हणलं, "गोदाला."

बाया एकमेकींकडं बघाया लागल्या. एकजण हसली, "व्हय, आन् मंग आमी येतो साक्षीला." मी धडुतं घट्ट धरलं आन् एका दमात बोलले. आक्कानं आधीच पेलं हुतं, सकाळपासनं रगत जात हुतं, गोदाला म्या बोलावलं, ती तिला वाचवाया आलती, मी कोर्टात खोटं बोलले. बोलले आन् धाप लागली, काठावर बसले.

धुणं थांबलं. मंग धोंडाकाकू म्हणली, "आमाला ठाऊक हाय की. त्या दुपारी आमी हितंच हुतो. तू पोराला घिऊन पळत गेलीस, गोदा तुझ्या म्होरं आली. समद्यांनी बघितलं."

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणलं, "मंग तुमी का न्हाय सांगितलं?"

"आमाला कुणी इचारलं न्हाय," काकू म्हणली. "तुला इचारलं हुतं."

तिनं लुगडं पिळलं, बादलीत टाकलं, आन् पुन्हा दुसरं धुवाया घेतलं. बाकीच्याबी धुवाया लागल्या.

घरी आले. आत्याबाई भाकरी थापत हुत्या. मी दारातच उभी ऱ्हाऊन गोदाचा निरोप सांगितला, हाय तसा, एक शबुद न गाळता. त्या म्हणल्या, "येडी का काय तू? चार माणसांत? लोकांना कळंल."

मी म्हणलं, "लोकांना ठाऊक हाय."

त्यांचा हात पिठातच ऱ्हायला. "कवापासनं?"

"तवापासनं."

रोज त्याच बायांबरूबर त्या देवळात जात्यात, हळदीकुंकवाला जात्यात, ह्या तीन वरसांत कितीजणींनी त्यांच्या पाया पडून डोळं खाली घातलं असतील. त्ये समदं त्यांच्या तोंडावर एकामागं एक येताना मला दिसत हुतं. त्या खाली बसल्या. माझ्यावर वरडल्या न्हाईत. भाकरी करपली, ती म्या काढली.

गोदा येईल का न्हाय, ठाऊक न्हाय. आली तरी तिचं दोन वरीस कुणी परत देणार न्हाय, आन् आक्का तर कशानंच येणार न्हाय. मी हे लिहितेय आन् आतल्या खोलीत आत्याबाईंनी पेटी उघडलीया. मला वाटलं जपमाळ काढत असतील. मंग त्या बाहेर आल्या. अंगावर बाहेर जायाचं लुगडं.

"चल," म्हणल्या. "उजेड हाय तवर."